देशाचं संशोधन आणि उद्यमनगरातला लेथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, क्वालिटी विभागात मी काम करते. त्याआधी मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. केली. त्यामुळे दोन्हीकडची माणसं मला विचारतात: कॉलेजची मुलं, त्यांचे आईवडील, उद्यमनगरातले कारखानदार, गावाकडचे ऊसवाले नातेवाईक. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

'राष्ट्रीय संशोधन आणि नवोन्मेष व्यवस्था' म्हणजे नक्की काय? कोल्हापूरच्या माणसाचा तिच्याशी काय संबंध?

माझे मामा शिरोळ तालुक्यात ऊस करतात. यंदा कुठला ऊस, म्हटलं की '86032' एवढा आकडा सांगतात. हा आकडा म्हणजे त्या जातीचा जन्मदाखला आहे. पूर्ण नाव को 86032. 'को' म्हणजे कोईमतूर, जिथे 1912 पासून ऊस पैदाशीचं केंद्र आहे. 86 म्हणजे 1986 साली झालेली निवड. तिथून ती जात पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात आली, वेगवेगळ्या जमिनींत तिच्या चाचण्या झाल्या आणि नव्वदच्या दशकात ती आपल्याकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचली. मधली दहाएक वर्षं कुणीतरी पगार देत होतं, कुणीतरी सऱ्या मोजत होतं, कुणीतरी रसाचा ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, लिहून ठेवत होतं. त्या काळात कुणालाही एक रुपयाचा फायदा झालेला नव्हता.

ही सगळी साखळी म्हणजे व्यवस्था. पैसा कोण देतो, माणसं कुठे तयार होतात, प्रयोगशाळा कोण चालवतं, शोधावर हक्क कुणाचा आणि शेवटी तो वापरणाऱ्याच्या हातात कोण ठेवतं, हे सगळं तिच्यात आलं. एक कडी तुटली की मामांच्या शेतात ऊस येत नाही.

भारत संशोधनावर किती खर्च करतो? तो खरंच कमी आहे का?

हो, कमी आहे. 2020-21 मध्ये देशाचा संशोधन आणि विकासावरचा एकूण खर्च सुमारे 1 लाख 27 हजार कोटी रुपये होता. त्याच्या दहा वर्षं आधी तो साधारण 60 हजार कोटी होता, म्हणजे रुपयात दुप्पट झाला. पण देशाच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने तो 0.64 टक्केच भरतो. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आहे आणि दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या जवळ.

मला त्याहून जास्त टोचतो तो या खर्चाचा वाटा. केंद्र सरकारचा खर्च जवळपास 44 टक्के, खाजगी उद्योगांचा सुमारे 36 टक्के. उच्च शिक्षण संस्थांच्या वाट्याला 9 टक्केही येत नाहीत. वीस-पंचविशीतली हजारो मुलं जिथे बसलेली आहेत, तिथेच पैसा सगळ्यात पातळ आहे. संशोधकांची संख्याही दर दहा लाख लोकांमागे 260 च्या आसपास आहे. विकसित देशांत ती हजारांत मोजतात.

मग जमेच्या बाजू कुठल्या?

भरपूर आहेत, आणि त्या अभिमानाने सांगाव्यात अशाच आहेत. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केलेला कोरोनाचा विषाणू कोव्हॅक्सिन लशीचा पाया ठरला. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट न देता फक्त प्रक्रियेवर दिलं. त्यामुळे आपल्या रसायनतज्ज्ञांनी तेच औषध वेगळ्या वाटेने, स्वस्तात बनवण्यात हात बसवला. 2005 मध्ये पदार्थावरचं पेटंट परत आलं, तोवर आपला औषध उद्योग उभा राहिला होता. आज तालमीच्या कोपऱ्यावरचा चहावाला यूपीआयने पैसे घेतो, तीही 2016 पासूनचीच गोष्ट.

जवळचं उदाहरण लोकरी माव्याचं. 2002 मध्ये सांगली भागातल्या उसावर पांढऱ्या लोकरीसारखा मावा पसरला. पानांवर काजळी धरली, ऊस काळा पडला. ऊस डोक्यावर वाढलेला असताना आत शिरून फवारणी करणं जवळजवळ अशक्य. तेव्हा कृषी संशोधकांनी माव्यावर जगणारे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक शोधले, वाढवले आणि शेताशेतात सोडले. कीड आटोक्यात आली.

या सगळ्या उदाहरणांत मला एक साम्य दिसतं. काय हवंय ते नेमकं ठरलेलं होतं. तीच माणसं किंवा तीच संस्था वर्षानुवर्षं त्याच कामावर होती. आणि पलीकडे ते वापरायला कुणीतरी खरोखर वाट बघत होतं. या तिन्ही गोष्टी जुळल्या की आपली व्यवस्था उत्तम चालते.

जागतिक क्रमवारीत आपण वर चढलो म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात 2015 मध्ये भारत 81 वा होता, 2025 मध्ये 38 वा. माझ्या मते त्यावर फार विसंबू नये. क्रमवारी देशाची असते आणि अडचण तालुक्याची.

कोल्हापूरला संशोधनाची परंपरा आहे का, की आपण फक्त कारागीर?

हा 'फक्त' शब्द मला मान्य नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाबूराव पेंटरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. चित्रकार माणसं, यंत्रशास्त्राची पदवी कुणाकडे नाही, पण फिल्म पुढे कशी सरकते हे उकलून त्यांनी ते यंत्रात उतरवलं.

दुसरं उदाहरण आपण रोज पुलावरून जाताना बघतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीत दगडी खांब, त्यांना खाचा. पावसाळ्यात सगळं मोकळं, पूर आणि गाळ निघून जातो. पाऊस ओसरला की खाचांमध्ये बरग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन ओळी घालायच्या, मध्ये माती ठासायची आणि मागे पाणी साठवायचं. मोठ्या धरणासारखी जमीन बुडत नाही, आणि दोन्ही काठांवरचे मोटरपंप चालतात. हे नाव लावून तो महाराष्ट्रभर गेला. पण बरगे वेळेवर घालायला आणि जूनआधी काढायला माणूस लागतो. त्यात कसूर झाली की तोच बंधारा पुराचं पाणी अडवतो. नवं काही शोधण्याइतकंच ते दरवर्षी नीट चालवणंही या व्यवस्थेचंच काम आहे, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात पैसे मागताना मात्र सगळ्यांची जीभ अडखळते.

विद्यापीठात एवढं संशोधन होतं, मग ते कारखान्यात का येत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या जिव्हाळ्याचा. म्हणून जरा लांबण लावते.

फौंड्रीत साचा करायची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट (चिकट माती), कोल डस्ट (कोळशाची पूड) आणि तीन-चार टक्के पाणी. पाणी थोडं जास्त झालं की ओतताना वाफ होते, ती वाफ लोखंडात अडकते आणि कास्टिंगला ब्लो होल पडतात. बाहेरून जॉब, म्हणजे ओतलेला भाग, गुळगुळीत दिसतो. गिऱ्हाइकाकडे मशीनिंगला गेल्यावर भोक उघडं पडतं आणि अख्खा लॉट परत येतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेतले संशोधक आमच्याकडे आले. कोल डस्टचा काही भाग कमी करणारं एक मिश्रण त्यांनी तयार केलं होतं. धूर कमी, कामगारांच्या छातीला बरं. प्रयोगशाळेतले निकाल खरोखर चांगले होते. मी स्वतः 50 मिलिमीटर व्यासाचे, तेवढ्याच उंचीचे वाळूचे नमुने ठोकून ताकद तपासली, आकडे जुळले. मग आम्ही एका लाईनवर लावून बघितलं. पहिले तीन दिवस काही फरक नाही. चौथ्या दिवशी साचे कडेने ढासळायला लागले. कारण साधं होतं: प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना ताज्या वाळूचा, आणि फौंड्रीत तीच वाळू फोडून, चाळून, पुन्हा पुन्हा फिरते. दर फेरीला त्या मिश्रणाचा थोडा अंश मागे राहत होता आणि साठत चालला होता.

आमच्या लाईनवर एक ज्येष्ठ मोल्डर, म्हणजे साचे करणारे कारागीर, होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "मॅडम, आदी मूठ आवळून बगा, मग मशीन लावा." मुठीत वाळू दाबायची, उघडायची, बोटांचे ठसे नीट उठले का बघायचं, मग मधोमध मोडायचं, कड धारदार तुटली पाहिजे. तिसऱ्या दिवशीच त्यांनी ती कड भुसभुशीत झाल्याचं दाखवलं होतं. आम्ही आमच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

यात कुणाची चूक होती? माझ्या मते कुणाचीच नाही. मिश्रणाचं प्रमाण बदलून अजून पाच-सहा महिने काम केलं असतं तर ते बहुधा जमलं असतं. पण त्यांच्या प्रकल्पाची मुदत संपली होती, त्यावरची मुलगी थिसिस लिहायला गेली होती, आणि आमच्या मालकांना दररोज अर्धी शिफ्ट चाचणीला देणं परवडणारं नव्हतं. त्या पाच-सहा महिन्यांचे पैसे द्यायचे कुणी, याचं उत्तर ना त्यांच्या कागदात होतं ना आमच्या.

तंत्रज्ञान किती तयार आहे हे मोजायला एक ते नऊ अशी पट्टी वापरतात, तिला टीआरएल म्हणतात. चार म्हणजे प्रयोगशाळेत सिद्ध झालं, नऊ म्हणजे प्रत्यक्ष कामात रुळलं. आपल्याकडे चारपर्यंत सरकारी अनुदान मिळतं आणि आठ-नऊला कारखानदार उत्साहाने पुढे येतो. मधली पायरी कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. देशाच्या व्यवस्थेची सगळ्यात मोठी दुखरी जागा कुठली, असं मला विचाराल तर मी इथेच बोट ठेवीन. हुशारी आपल्याकडे कधीच कमी नव्हती.

कारखानदार स्वतः पैसे का घालत नाहीत?

मोठ्यांबद्दल तक्रार करायला जागा आहे. लहानांबद्दल जरा समजून घ्यायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच फौंड्र्या दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करतात. डिझाइन गिऱ्हाइकाचं, दर किलोवर, पैसे दोन-तीन महिन्यांनी. अशा धंद्यात सुधारणा केली तर तिचा फायदा पुढच्या दरकपातीत गिऱ्हाइकच घेऊन जातं. तरीही रिजेक्शन कमी करण्यासाठी, वीज वाचवण्यासाठी आपली माणसं रोज काहीतरी करून बघत असतात. ते कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

सरकारनेही एक दार आवळलं. मान्यताप्राप्त अंतर्गत संशोधनावरच्या खर्चाची आयकरात दुप्पट वजावट मिळायची. ती 2017 मध्ये दीडपट झाली आणि 2020 पासून जेवढा खर्च तेवढीच. करव्यवस्था सुटसुटीत करायची होती हे समजतं, पण जे मध्यम कारखाने नुकते कुठे प्रयोगशाळा थाटत होते, त्यांच्यासाठी वेळ चुकली.

'अनुसंधान' प्रतिष्ठान आणि एक लाख कोटींचा निधी यांनी काही बदलेल का?

मला आशा आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा 2023 मध्ये झाला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये लागू झाला. पाच वर्षांत 50 हजार कोटी उभे करायचे, पैकी 14 हजार कोटी केंद्राचे आणि उरलेले बहुतांश उद्योग आणि देणगीदारांकडून यावेत अशी कल्पना. राज्य विद्यापीठांना पुढे आणणं हे त्याचं एक जाहीर उद्दिष्ट आहे, म्हणून आपल्यासाठी ते महत्त्वाचं. मोठ्या संस्थेने भोवतालच्या लहान संस्थांना हाताशी धरून चालावं अशी योजनाही त्यात आहे.

एक लाख कोटींची संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने 1 जुलै 2025 ला मंजूर केली. तिच्यातून खाजगी क्षेत्राला दीर्घ मुदतीची, कमी किंवा शून्य व्याजाची कर्जं मिळायची आहेत, आणि ती टीआरएल चार आणि त्यापुढच्या कामासाठी आहेत. म्हणजे वर सांगितलेल्या दुखऱ्या जागेवर सरकारने पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम ठेवली आहे. माझी काळजी एवढीच की कर्ज हे कर्ज असतं. पन्नास कामगारांची फौंड्री फसू शकणाऱ्या चाचणीसाठी कर्ज काढणार नाही. तिला पाच-दहा लाखांचं लहान, झटपट अनुदान आणि सोबत एक जाणकार माणूस हवा असतो.

मुलीला पीएच.डी. करायची आहे. करू द्यावी का?

तिला खरोखर आवड असेल तर अडवू नका. जानेवारी 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना 37 हजार आणि सिनिअर 42 हजार झाली आहे. त्यात घर चालतं. पण फेलोशिप कुठली आणि ती दरमहा हातात पडते का, हे त्याच विभागातल्या आधीच्या मुलांना विचारा. माझे पैसे एकदा नऊ महिने आले नव्हते. खोलीचं भाडं वडिलांनी भरलं. मी घरून पैसे मागू शकले, म्हणून टिकले. माझ्यासोबतच्या एका मुलाने त्याच वर्षी संशोधन सोडून शाळेत नोकरी धरली. तो माझ्याहून हुशार होता. अशी किती मुलं गेली याची नोंद कुठेही नाही, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त राग येतो तो यावर.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघू नका. त्यांचे आधीचे विद्यार्थी आज काय करतात ते विचारा.

पेपर छापण्यात आपण जगात तिसरे आहोत ना?

संख्येने, हो. पण पदोन्नती पेपर मोजून होत असेल तर पेपर वाढणार, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकंही वाढणार. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्ती काढली, ते योग्य झालं. जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना सुमारे 13 हजार नियतकालिकं वाचायला मिळतात. आम्ही पुण्याच्या मित्रांना फोन करून एकेक पेपर मागवायचो. आताच्या मुलांनी त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

चाचणीसाठी महागडं यंत्र लागतं. ते कुठे मिळणार?

विकत घेऊ नका, आधी शोधा. शिवाजी विद्यापीठात केंद्राच्या मदतीने उभं राहिलेलं अत्याधुनिक उपकरणांचं सामायिक केंद्र आहे, तिथे शुल्क भरून बाहेरच्यांनाही नमुने तपासून मिळतात. देशभरातली सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं आय-स्टेम या पोर्टलवर दिसतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही हायवेने चार-पाच तासांवर आहे.

संस्थांच्या बाजूने अडचण खरेदीची असायची: सगळ्यात स्वस्त निविदा घ्या, सरकारी पोर्टलवरूनच घ्या. जून 2025 मध्ये केंद्राने संशोधन संस्थांसाठी थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केली, आणि वैज्ञानिक उपकरणं गरज पडल्यास पोर्टलबाहेरून घेण्याची मुभा संस्थाप्रमुखांना दिली. एका सुट्या भागासाठी महिनोन्महिने बंद पडलेलं यंत्र ज्याने पाहिलंय, त्यालाच याची किंमत कळेल.

मी गुऱ्हाळासाठी नवं यंत्र बनवलंय. पेटंट मिळेल का?

मिळू शकतं, पण कुणाला दाखवण्याआधी अर्ज करा. प्रदर्शनात मांडलं, व्हिडिओ टाकला, वर्तमानपत्रात बातमी आली, की नवेपणाचा दावा अडचणीत येतो. माझ्या पाहण्यात चांगली कामं इथेच हातची गेली आहेत. आधी तात्पुरता अर्ज करता येतो, मग पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगांना ऑनलाईन अर्जाचं मूळ शुल्क 1,600 रुपये आहे, तपासणीच्या विनंतीचं 4,000. खरा खर्च मसुदा लिहून घेण्याचा असतो, तिथे काटकसर करू नका. मुदत वीस वर्षं. कोल्हापूरचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात.

शेती करण्याच्या पद्धतीवर आणि पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. पण तुम्ही शेतात निवडून उसाची किंवा भाताची वेगळी जात जपली असेल, तर 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली तिची नोंदणी होते, आणि शेतकऱ्याला तिचं शुल्क नाही.

कोल्हापुरी चप्पल तर आपलीच होती. मग परदेशी कंपनीने तशी कशी काढली?

कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. मानांकन नावाचं आणि उगमाचं रक्षण करतं. नुसतं रूप उचललं आणि नाव वापरलं नाही तर कायद्याने फारसं काही हाती लागत नाही. शिवाय ते देशापुरतं असतं. जून 2025 मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये तशी चप्पल दिसली, गावात संताप झाला, आणि मग कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं.

माझं म्हणणं असं की या चपलेवर संशोधनच फार कमी झालं आहे. कातडं वनस्पतीजन्य पद्धतीने कमावतात, त्याला लागणारे महिने कसे कमी होतील, पावसात ते का फुगतं, तळ घसरू नये म्हणून काय करता येईल, हे अस्सल मटेरियल सायन्सचे प्रश्न आहेत. प्रयोगशाळा आणि कारागिराचं घर एकाच शहरात आहे.

शाळेतल्या मुलांसाठी काही आहे का?

अटल टिंकरिंग लॅब. देशात दहा हजार शाळांमध्ये सुरू झाल्या, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी 50 हजारांची घोषणा आहे. तुमच्या शाळेत असेल तर कुलूप उघडतं का, एवढं पालकसभेत विचारा.

माझा लहान कारखाना आहे. उद्यापासून सुरुवात कशी करू?

वहीपासून. रिजेक्शनची वही. कुठला जॉब, कुठली हीट (वितळवलेल्या लोखंडाची खेप), किती वाजता ओतला, वाळूची ओल किती, दोष कुठला आणि कास्टिंगच्या कुठल्या जागी. तीन महिने रोज लिहा, विशेषतः जून ते ऑगस्ट, कारण हवेतल्या दमटपणाने वाळूचं सगळं गणित बदलतं. मग ती वही घेऊन विद्यापीठात किंवा इंजिनिअरिंग कॉलेजात जा. 'काहीतरी संशोधन करू या' म्हणून गेलात तर चहा मिळेल. वही घेऊन गेलात तर तिथली मुलं दुसऱ्या दिवशी तुमच्या शेडमध्ये उभी असतील.

आमच्या वहीत ओलीच्या रकान्याशेजारी एक जास्तीचा रकाना आहे. मोल्डर मूठ आवळून बघतो आणि त्यात 'ठीक', 'ओली' किंवा 'मेली' असं लिहितो. मशीनचा आकडा शेजारी. दोन्ही जुळले नाहीत, की आम्ही लाईन थांबवून नमुना पुन्हा घेतो.